खोपोलीच्या ऑफिसची किल्ली

तर मंडळी, या शनिवारी थोडं कामाचं बोलू. व्हीपीएन. नाव घेतलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक, यूट्यूबवरच्या जाहिराती. दुसरी, कंपनीचा लॅपटॉप, जो बरोबर सोमवारच्या स्टँडअपच्या वेळी कनेक्ट व्हायला नकार देतो. आजचा व्हीपीएन यातला नाही, तो खोपोलीचा आहे.

आमचं घर कर्जतचं. मी पुण्यात असतो, पण सुट्टीला कर्जत. खालापूर तालुक्यात, खोपोलीच्या जरा अलीकडे, बाबांच्या एका मित्राचं वर्कशॉप आहे. पाइपलाइनला लागणारे सुटे भाग बनतात. शेडमध्ये वीसेक माणसं, ऑफिसात चार. आणि सगळा धंदा म्हणाल तर एका पीसीवरच्या टॅलीत.

तो पीसी सांभाळणारी ताई कर्जतहून येते. नकाशावर अंतर फार नाही हो, पण खोपोलीची लाइन म्हणजे एकेरी रूळ. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. एक गाडी चुकली की बसा प्लॅटफॉर्मवर डबा खात. त्यात यंदा तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. तिने काकांना सरळ सांगितलं, "साहेब, आठवड्यातले तीन दिवस घरून काम जमलं तर राहते, नाहीतर दुसरं माणूस बघा." नऊ वर्षांचे हिशेब जिच्या डोक्यात आहेत ती जाणार म्हटल्यावर काका हादरले आणि मला फोन आला.

मी विचारलं, "काका, आत्ता बाहेरून कोणी लॉगिन करतं का?"

"करतो ना, मी करतो घरून. दोन वर्षांपूर्वी एका पोराने करून दिलंय. झकास चालतं."

इथेच माझ्या पोटात गोळा आला. जाऊन बघतो तर त्या पठ्ठ्याने राउटरवर ३३८९ नंबरचा पोर्ट उघडून थेट टॅलीच्या पीसीला जोडला होता. म्हणजे विंडोजचं रिमोट डेस्कटॉप अख्ख्या जगाला खुलं. पासवर्ड काय, तर वर्कशॉपचं नाव आणि पुढे साल. तो काकांना माहीत, त्या पोराला माहीत, नोकरी सोडून गेलेल्या जुन्या अकाउंटंटला माहीत आणि सीएंकडे आर्टिकलशिप करून गेलेल्या दोन मुलांनाही माहीत. शिवाय काकांनी दुपारी घरून डोकावलं की इकडे ताईची स्क्रीन अर्ध्या एंट्रीत लॉक. ती बिचारी दोन वर्षं समजत होती की पीसी जुना झालाय!

मी इव्हेंट व्ह्यूअर उघडून काकांना दाखवलं. ४६२५, म्हणजे फसलेलं लॉगिन. पानंच्या पानं. administrator हे नाव देवनागरीत लिहिलं तरी वाईटच दिसेल: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, अ‍ॅडमिन, यूजर, टेस्ट... रात्री तीन वाजताही कोणीतरी कडी वाजवतंय.

"अरे, पण खोपोलीत आपल्याला कोण शोधणार?"

कोणीच नाही. कोणी खोपोली शोधत नसतं. यंत्रं जगातल्या प्रत्येक पत्त्यावर जाऊन दार ढकलून बघतात, एवढंच. मे २०१९मध्ये ब्लूकीप नावाची खोट उघडकीस आली तेव्हा जुन्या विंडोजमध्ये या दारातून पासवर्डशिवायही शिरता येत होतं. तो पोर्ट मी त्याच संध्याकाळी बंद केला. काका दोन दिवस फुरंगटून बसले, घरून दिसत नाही म्हणून.

नवीन व्यवस्थेसाठी वायरगार्ड घेतलं. फुकट आहे, छोटं आहे, आणि मार्च २०२०मध्ये आलेल्या ५.६ आवृत्तीपासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. मला त्याचं आवडतं ते हे की अनोळखी किल्ली घेऊन कोणी आलं तर ते उत्तरच देत नाही. 'चूक पासवर्ड' असंही म्हणत नाही. बाहेरच्याला वाटतं, इथे घरच नाही.

अडचण होती पत्त्याची. ऑफिसची स्टॅटिक आयपीवाली लाइन पावसाळ्यात रुसते, मग काम चालतं केबलवाल्याच्या फायबरवर. त्याने दिलेला पत्ता १००.६४ पासून सुरू होणारा, म्हणजे अनेक गिऱ्हाइकांना मिळून बाहेरचा पत्ता एकच. अशा लाइनवर आतून बाहेर फोन लागतो, बाहेरून आत लागत नाही. म्हणून मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये एक छोटं मशीन भाड्याने घेतलं, महिन्याला ५०० रुपयांच्या आसपास. ऑफिसातला एक जुना लॅपटॉप लिनक्स घालून तिथे फोन लावून बसलेला असतो, दर २५ सेकंदांनी 'आहे रे' म्हणतो, आणि ताई कर्जतहून तिथेच येऊन भेटते. (टाटांच्या केंद्रातली वीज खोपोलीहून मुंबईला १९१५ पासून जातेय. तेव्हा तारेवरून मुंबईला काही पाठवणं आमच्या भागाला नवीन नाही.)

आणि विजेवरून आठवलं, एक सेटिंग कोणत्याही गाइडमध्ये ठळक लिहिलेलं नसतं. बायोसमध्ये जाऊन 'लाइट परत आली की आपोआप सुरू हो' असं पीसीला सांगून ठेवायचं. नाहीतर लाइट जाते, यूपीएस दहा मिनिटं तग धरतो, आणि जगातलं सगळं एन्क्रिप्शन असूनही ताई कर्जतला हात चोळत बसते.

टॅलीची फाइल नेटवर्कवरून उघडायची नाही, फार रडत चालतं. ताईने घरून ऑफिसातल्या आपल्याच पीसीची स्क्रीन बघायची, डेटा खोपोलीतच राहतो. आणि तिच्या किल्लीने तो एकच पीसी दिसतो, बाकी ऑफिस नाही. काकांना हे फाजील वाटलं. मग मी आपल्याच रायगडातलं उदाहरण दिलं. २७ जून २०१७ला नॉटपेट्या पसरला तेव्हा उरणजवळच्या जेएनपीटीतलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं होतं. त्याचं मूळ कुठे, तर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये! एका मशीनवरून दुसऱ्यावर उडी मारायला मोकळी वाट मिळाली की असं होतं. काकांचा माल त्याच बंदरातून जातो, त्यामुळे हे लगेच पटलं.

किल्ली लॅपटॉपवरच असते, म्हणून लॅपटॉपही वेगळा हवा. ताईच्या घरच्या लॅपटॉपवर मुलगा गेम खेळतो, कुठून कुठून काय उतरवतो. काकांनी एक सेकंडहँड घेऊन दिला. त्यात बिटलॉकर चालू आणि तो फक्त ऑफिसपुरता. पीसीवरही आता प्रत्येकाचं स्वतःचं खातं, स्वतःचा पासवर्ड.

सगळं झाल्यावर काकांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, "हे कायदेशीर आहे ना? व्हीपीएनवर बंदी आली म्हणतात." बंदी नाही. २८ एप्रिल २०२२चे सर्ट-इनचे आदेश आहेत, त्यात व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्यांना गिऱ्हाइकांची माहिती ५ वर्षं ठेवायला सांगितलंय. ऑफिसच्या स्वतःच्या व्हीपीएनला तो नियम लागू नाही, हे त्यांनीच नंतर स्पष्ट केलं. दुसरा प्रश्न हळू आवाजात, ताई चहा आणायला गेल्यावर. "ती घरी खरंच काम करतेय का, हे बघता येईल ना यात?"

मी म्हटलं, ती शेवटची कधी जोडली गेली ते दिसतं, तेवढंच. स्क्रीनवर नजर ठेवायचं काही मी बसवणार नाही. जीएसटीचं रिटर्न वेळेवर गेलं की नाही ते बघा ना. नऊ वर्षं तेच बघत आलात. काका हसले नाहीत, पण पुढे बोललेही नाहीत. ताई आता सोमवार, बुधवार, शुक्रवार घरून करते.

काकांच्या कपाटात एक वही ठेवलीय. कोणाची किल्ली, कोणत्या लॅपटॉपवर, कधी दिली. माणूस नोकरी सोडून गेला की मला फोन करायचा, मी मुंबईच्या मशीनवरून त्याच्या तीन ओळी काढतो, संपलं. बाकीच्यांचे पासवर्ड बदलत बसायला नको. सध्या वहीत दोनच नावं आहेत. सीएंना ऑफिसभर मिळून एक किल्ली हवीय, "आमची मुलं बदलतात हो, कुठे दरवेळी नवीन करणार?" मुलं बदलतात म्हणूनच वेगवेगळी हवी, हे त्यांना फोनवर दोनदा सांगून झालंय. येत्या शनिवारी त्यांच्या ऑफिसात जाऊन तिसऱ्यांदा सांगणार आहे. तोवर ते ताईकडून बॅकअप पेन ड्राइव्हवर मागवतायत.