डोंगरांच्या नावात लपलेली भाषा

पावसाळा सरल्यावर, हवा स्वच्छ असेल तेव्हा, डोंबिवलीहून आग्नेयेकडे मलंगगडाचा कडा ठळक दिसतो. रोज लोकलने जाणारे व्यापारी त्याला ओळखतात. मात्र डोंगरांच्या नावांत किती भाषा थर लावून बसल्या आहेत, याचा विचार क्वचितच होतो.

उत्तर इंग्लंडमध्ये ‘पेंडल हिल’ नावाचा डोंगर आहे. त्यातील ‘पेन’ हा तेथील मूळ केल्टिक लोकांचा टेकडीवाचक शब्द. मागाहून आलेल्या इंग्रजांना तो उमगला नाही. त्यांनी आपला ‘हिल’ जोडला. तो झिजून ओळखेनासा झाला, तेव्हा पुन्हा एक ‘हिल’ लागला. एकाच डोंगराला तीनदा डोंगर म्हटले गेले.

आपल्याकडील ‘मलयगिरी’ याच जातीचे नाव. तमिळ ‘मलै’, कन्नड ‘मले’ म्हणजे डोंगर; त्याचाच संस्कृतात ‘मलय’ झाला आणि वर ‘गिरी’ चढला. आगमांवर टीका लिहिणाऱ्या आचार्य मलयगिरींच्या नावातही हा दुहेरी डोंगर आहेच. म्हणून ‘मलंग’मध्येही ‘मलै’ शोधण्याचा मोह होतो, तो आवरावा. मलंग हा फकिराला लावला जाणारा शब्द आहे, आणि ध्वनिसाम्य म्हणजे पुरावा नव्हे. जमाखर्चातही केवळ आकडे जुळले म्हणून नोंद खरी ठरत नाही.

ठाणे आणि बोरिवलीच्या मधल्या कान्हेरीचे नाव मात्र सरळ आहे: कृष्णगिरी, काळा डोंगर. तेथील लेण्यांच्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आहेत.

अधिक रोचक आहे तो डोंबिवली, कांदिवली, बोरिवली यांतील ‘वली’. फ्रँकलिन साउथवर्थ यांच्यासारखे अभ्यासक तो द्राविडी ‘पळ्ळी’शी, म्हणजे वस्तीशी, जोडतात. तमिळ देशात ‘पळ्ळी’ हा शब्द जैन देवालयासाठी व मुनींच्या निवासासाठीही वापरला जाई. अशा पळ्ळीला दिलेल्या जमिनीला शिलालेखांत ‘पळ्ळिच्चंदम’ म्हटले आहे. यावरून डोंबिवलीत प्राचीन जिनालय होते असे कोणी समजू नये. शब्दाचे गोत्र तेवढे एक.

मोठ्या डोंगरांची नावे नकाशावर सुरक्षित आहेत. प्रश्न लहान नावांचा आहे. येऊरच्या पाड्यांतील वारली वृद्धांना प्रत्येक सोंड, ओढा, खडक नावाने ठाऊक असतो. पारसिकचा डोंगर खाणींनी कोरला गेला, घोडबंदर रस्त्यावर नव्या संकुलांना परदेशी नावे लागली. ही लहान नावे कोणत्याही दस्तऐवजात नाहीत, आणि सांगणारी पिढी थकली आहे.