प्रश्नावलीतला ऐच्छिक रकाना



न्हावा शेवा बंदराच्या रस्त्याला, जासईच्या अलीकडे माझ्या मावसभावाचं लाकडी पॅलेट बनवायचं छोटं युनिट आहे. निर्यातीचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून त्यावर शिक्का मारावा लागतो. ते काम तो डोळे झाकून करतो. पण एका बड्या कारखानदार ग्राहकाची ‘सस्टेनेबिलिटी’ची प्रश्नावली आली आणि त्याचा फोन आला, “दादा, तू एमए आहेस ना, एवढं भरून दे.”

वीज, डिझेल, भुसा कुठे जातो, सगळं बिलं काढून भरलं. अडलो ते कामाच्या तासांवर. आठवड्याला ५४ तासांचे ४८ करणारी १९४६ ची कारखाना कायद्याची दुरुस्ती मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी मांडली. आणि जहाजाची तारीख जवळ आली की भावाकडची पोरं बारा-बारा तास खिळे ठोकतात.

“४८ लिही,” तो म्हणाला. मी नाही लिहिलं. दोन दिवस आमचं बोलणं बंद.

तिसऱ्या दिवशी त्याने मोबाइल पुढे केला. त्याच कंपनीची ऑर्डर शुक्रवारी संध्याकाळी, माल सोमवारी सकाळी हवा. बिल चौथ्या महिन्यात. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात मुदत जास्तीत जास्त ४५ दिवसांची आहे. “हे विचारणारा रकाना दाखव,” म्हणाला. नव्हताच.

सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. वंचित घटकांतल्या पुरवठादारांना खरेदीत प्राधान्य देता का, हा प्रश्न त्यात आहे; पण ऐच्छिक भागात! केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के राखीव आहेत, तेही फक्त केंद्रीय मंत्रालयं आणि सार्वजनिक उपक्रमांपुरते. खासगी कंपनीला कार्बन मोजणं सक्तीचं, आपला माणूस मोजणं मर्जीचं. याला मी पर्यावरणप्रेम म्हणायला तयार नाही.

म्हणून भावाची बाजू पूर्ण बरोबर ठरत नाही. खिळे ठोकणारी पोरंही आपलीच आहेत, काही तर आमच्याच वस्तीतली. जादा तासांचे दुप्पट पैसे आता मस्टरवर चढतात; त्यासाठी त्याला नवं मशीन पुढे ढकलावं लागलं आणि तो माझ्यावर अजून थोडा धुसफुसतो.

फॉर्ममध्ये खरे तास लिहिले. शेवटी ‘पुरवठादाराची टिप्पणी’ होती, तिथे शुक्रवारच्या ऑर्डरी आणि थकलेली बिलं तारखांसकट टाकली. सही करताना भाऊ म्हणाला, “ऑर्डर गेली तर तू भरशील?”

पुढची ऑर्डर आली आहे. शुक्रवारीच.