एकच प्रश्न, पाच दारं

‘परमिशन डिनाइड, पब्लिक की’ ही ओळ ज्याने कधी पाहिली नाही, त्याने एसएसएच फारसं वापरलंच नाही असं खुशाल समजावं. दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायला गेलेल्या माणसाला सर्व्हर एवढंच सुनावतो आणि गप्प बसतो. मग माणूस विचारायला निघतो. एकट्या स्टॅक एक्स्चेंजच्या गोतावळ्यातच त्यासाठी किमान पाच दारं आहेत. २००८ साली प्रोग्रामरांसाठी स्टॅक ओव्हरफ्लो आलं, २००९ मध्ये सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी सर्व्हर फॉल्ट आणि हौशी-जाणत्या वापरकर्त्यांसाठी सुपर युजर, २०१० मध्ये आस्क उबुंटू आणि युनिक्स अँड लिनक्स. अडला हरी! तो पाचही ठिकाणी तोच मजकूर डकवून मोकळा होतो.

अशा जागांवर मी फावल्या वेळात झाडलोट करते. आलेला प्रश्न वाचायचा, तो आधी कुणी विचारलाय का ते शोधायचं, सापडला तर नवा प्रश्न डुप्लिकेट म्हणून बंद करायला मत द्यायचं. एका साइटच्या आत हे सरळ आहे; बंद प्रश्नावर जुन्याची लिंक लागते, वाचणारा तिकडे जातो. ही सोय कुंपणापलीकडे चालत नाही. सुपर युजरवरचा प्रश्न आस्क उबुंटूवरच्या प्रश्नाची प्रत म्हणून बंद करता येत नाही. नव्याने आलेले उत्साही लोक याला यंत्रणेतली उणीव म्हणतात. मला ते पटत नाही, आणि कारण त्या ‘परमिशन डिनाइड’च्या ओळीतच आहे.

स्टॅक ओव्हरफ्लोवर ती ओळ आणणारा बहुधा गिटहबवर कोड ढकलत असतो. त्याची पब्लिक की खात्यात चढवलेलीच नसते. ती चढवली की काम झालं. आस्क उबुंटूवरच्या माणसाने अनेकदा ॲमेझॉनच्या क्लाउडवर नवं मशीन उभं केलेलं असतं आणि तो भलत्याच नावाने शिरू पाहतो. तिथे युजरचं नाव ‘उबुंटू’ द्यावं लागतं. सर्व्हर फॉल्टवरचा प्रश्न आणखी निराळा. की बरोबर, नाव बरोबर, पण होम डिरेक्टरीत ग्रुपलाही लिहायची मुभा दिलेली, आणि एवढ्यावरून सर्व्हर ती की मानायला तयार नाही. नेमकं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं, विचारणाऱ्याच्या पडद्यावर नाही. ओळ अक्षरशः तीच, उत्तरं तीन. म्हणून प्रश्न जुळले की डुप्लिकेट, हा हिशोब मी ठेवत नाही. उत्तर जुळतं का ते बघते.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे. एकाच माणसाने एकाच दिवशी तोच मजकूर दोन ठिकाणी टाकायचा. एकीकडे कुणी तासाभरापूर्वी दुखणं ओळखून मोकळा झालेला, दुसरीकडे एक भला माणूस अजून लॉग मागतोय, परवानग्या तपासायला सांगतोय. दोघेही फुकट राबणारे, आणि दुसऱ्याची मेहनत सरळ पाण्यात. क्रॉसपोस्ट करू नका हा नियम या दुसऱ्यासाठी आहे. साइट नीटनेटकी दिसावी हे कारण नंतरचं.

याबाबतीत चर्चागटांचं जुनं यूजनेट जास्त शहाणं होतं, असं माझं मत. तिथे एक संदेश अनेक गटांच्या नावाने पाठवता येई. सर्व्हरवर त्याची प्रत एकच राही. एका गटात वाचला की चांगलं वाचन-सॉफ्टवेअर तो बाकीच्या गटांतही वाचलेला धरी. ‘फॉलोअप-टू’ लिहिलं की सगळी उत्तरं एकाच गटात गोळा होत. शिव्या खाई तो तोच मजकूर सुटासुटा पाठवणारा. स्टॅक एक्स्चेंजवर सामायिक प्रत नाही, तिथे मायग्रेशन आहे. प्रश्न उत्तरांसकट उचलून योग्य साइटवर हलवता येतो, पण साठ दिवसांच्या आत. आणि आपल्याकडचा कचरा शेजाऱ्याकडे ढकलू नये, हे जुने मॉडरेटर नव्यांना पहिल्यांदा शिकवतात. अर्धवट प्रश्न हलवला म्हणून पुरा होत नाही.

उत्तरं शिळी होतात तेव्हा विखुरलेल्या प्रती फार महाग पडतात. २०२१ मध्ये ओपनएसएसएच ८.८ आलं आणि आरएसए कीसाठी वापरली जाणारी जुनी, एसएचए-१ वरची सही आपसूक नाकारली जाऊ लागली. की ठणठणीत, परवानग्या चोख, तरी जुन्या सर्व्हरशी बोलताना तीच ओळ. तोवरची चांगली, भरपूर मतं मिळालेली उत्तरं एका रात्रीत अपुरी ठरली. ‘परवानगी ६०० करा’ हे खोटं नव्हतंच, फक्त नव्या अडचणीला ते लागू नव्हतं. जिथे एकच भक्कम उत्तर होतं तिथे एक परिच्छेद जोडून भागलं. जिथे चार सांडलेली होती तिथे एक दुरुस्त झालं, आणि सर्चमधून येणारे लोक उरलेल्या तिन्हींवर आदळत राहिले.

त्यामुळे प्रत दिसली की मी आधी दोन्हीकडे एकमेकींच्या लिंका टाकते. मग विचारणाऱ्याला म्हणते, ‘एक ठेवा, दुसरी काढून टाका, जिथे अजून कुणी उत्तर दिलेलं नाही तीच काढा.’ बहुतेक जण ऐकतात. कुणी दोन्ही ठेवायचा हट्ट धरला, तर दुसऱ्या प्रश्नात त्या साइटपुरता वेगळा काय मुद्दा आहे तो लिहायला सांगते: सर्व्हर फॉल्टवर लॉग जोडा, आस्क उबुंटूवर आवृत्ती सांगा. लॉग जोडायला बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना उत्तर तिथेच सापडतं आणि ते दोन्ही प्रश्न काढून टाकतात.