नळीची शिट्टी

मैत्रिणींनो, दिघाशीच्या घरी सासऱ्यांची १९८६ सालची कार्ब्युरेटरची गाडी भंगारात निघाली होती. उभ्या जागी इंजिन धडधडे, शिट्टीसारखा आवाज येई. "इंजिन खोलावं लागेल," कारागीर म्हणाला. मामंजी गप्पच झाले. मला ते बघवेना.

इंजिन गार असताना प्रत्येक रबरी नळी कुठून निघते, कुठे जाते ते वहीत काढलं. दोन्ही टोकांना एकच आकड्याची चिकटपट्टी लावली. मॅनिफोल्डवरची एक नळी टोकाशी चिरलेली! तिथून हवा आत ओढली जाई नि पेट्रोलचं प्रमाण बिघडे. नळी बदलली, शिट्टी थांबली.

तुम्हीही बघा. मात्र पदर खोचून, बांगड्या काढून हं! मामंजी आता किल्ली माझ्याच हाती देतात.