येडाईच्या डोंगरावरचं आभाळ

चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येरमाळ्यात चुना वेचायला उसळलेली गर्दी पांगली, की येडाई देवीच्या डोंगरावरून निवांत बघावं. खाली बालाघाटाचा उघडाबोडका माळ, सोलापूर–धुळे रस्त्यावरचे ट्रक, वर नुसती निळाई. सगळं रिकामं वाटतं. पण त्या निळाईत ताण भरलेला असतो. निरभ्र दुपारीसुद्धा सपाट माळावर, जमिनीलगतच्या हवेत दर मीटरला सुमारे १०० व्होल्टचा फरक असतो. म्हणजे टाचेपासून टाळूपर्यंत दीडशेच्या वर! तरी आपल्याला झटका बसत नाही. अंग विजेचं वाहक, ते जमिनीशी जुळवून घेतं. विद्युतक्षेत्राच्या रेषा आपल्याला वळसा घालून माथ्याशी दाटतात. डोंगरमाथ्याशीही तसंच.

हा ताण येतो कुठून? जगात कुठे ना कुठे विजा कडाडत असतात आणि जमिनीला ऋणभार पुरवत राहतात. येरमाळ्याची शांत दुपार काँगोतल्या वादळांनी ताणून धरलेली असते, हे मला कुठल्याही चमत्काराहून मोठं वाटतं.

मग वळवाचा ढग चढतो. त्याच्या पोटात गारा आणि बर्फाचे बारीक कण एकमेकांवर आपटतात. जड गारा ऋणभार घेऊन खाली राहतात, हलके कण धनभार घेऊन वर जातात. ढगाचा तळ ऋण झाला, की खालच्या जमिनीतले इलेक्ट्रॉन दूर रेटले जातात आणि सकाळी ऋण असलेला तोच माळ धन होतो. क्षेत्राची दिशाच उलटते, जोर मीटरला हजारो व्होल्टवर जातो. डोळ्यांना दिसतं ते फक्त काळवंडलेलं आभाळ.

वीज पडते तेव्हा प्रवाह असतो सुमारे ३०,००० अँपिअर, पण निमिषभर. एकूण भार मोजला तर पंधरा-वीस कूलोम. घरातली इस्त्री तेवढा भार काही सेकंदांत तारेतून नेते.

लिंबाखाली बांधलेली गाय दगावते, तेव्हा पुष्कळदा वीज तिच्यावर पडलेलीच नसते. झाडातून उतरलेला प्रवाह मातीत पसरतो. तिच्या पुढच्या आणि मागच्या पायांखालच्या मातीत व्होल्टचा मोठा फरक पडतो आणि प्रवाह तिच्या अंगातून, काळजावरून वाट काढतो. माणूस निदान पाय जुळवून उकिडवा बसू शकतो. दाव्याला बांधलेल्या जनावराला ती सोय नाही.