फातोर्ड्याहून परतताना

२१ ऑक्टोबर २०१७, भाऊबीज. ऐन दिवाळीतला एसटीचा संप नुकताच मिटला होता आणि मालवण स्टँडवरून सुटलेली कुडाळची गाडी दारापर्यंत भरली होती. मांडीवर फराळाचे डबे धरलेल्या शेजारच्या आजींनी विचारलं, "खंय चल्लास?" गोव्यात फातोर्ड्याला, सतरा वर्षांखालच्या पोरांचा फुटबॉल वर्ल्डकप बघायला, असं सांगितलं. त्यावर म्हणाल्या, "आणि रातीक येतलास कसे?"

आयोजकांनी सगळ्यात आधी सोडवायचा प्रश्न आजींनी चौके गाव यायच्या आतच काढला.

कुडाळला जनशताब्दी धरली. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक तेव्हा ३१ ऑक्टोबरपर्यंत असे, त्यामुळे गाडी सावकाश. जुवारीचा पूल ओलांडून मडगावात उतरलो तेव्हा दुपार कलली होती. स्टेशनाबाहेर पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकली घेऊन पायलट उभे होते. एकाच्या मागे बसलो, पुढचा रस्ता गाड्यांना बंद होता तिथे उतरून चालत गेलो. जाणं सोपंच असतं. माणसं दुपारपासून थोडी थोडी येतात, रस्त्यांना तो ओघ पेलतो. खरी परीक्षा सामना सुटल्यावर. सुमारे १९ हजारांचं स्टेडियम एकदम रस्त्यावर येतं, तेही रात्री दहाला, जेव्हा गोव्यातल्या खासगी बस कधीच्याच घरी गेलेल्या असतात.

इंग्लंड-अमेरिका, उपांत्यपूर्व फेरी. ऱ्हियन ब्रूस्टरने चौदा मिनिटांत दोन गोल केले. पण शेवटची काही मिनिटं उरली तशी माझ्या रांगेतली माणसं उठायला लागली. एक बाप झोपाळलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरत होता, दर दोन पायऱ्यांना मागे वळून मैदानाकडे बघत. त्यांना म्हापशाला जायचं होतं. भरपाईच्या वेळेत ब्रूस्टरने पेनल्टीवर तिसरा गोल मारला, ४-१, हॅटट्रिक! तोवर ते बाहेर पडले होते. मला या गोष्टीचा आजही राग येतो. तिकीट काढून आलेल्या माणसाला शेवटचा गोल सोडून पळावं लागत असेल, तर बंदोबस्त कितीही चोख असो, नियोजन अर्धंच झालं.

२००६ च्या जर्मनीतल्या वर्ल्डकपला सामन्याच्या तिकिटावर शहरातल्या बस-ट्राममधून फिरता येई. लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली तिकिटाबरोबर त्या दिवसाचं ट्रॅव्हलकार्ड मिळे. घरी पोचणंही तिकिटातच धरलेलं.

त्या रात्री मडगाव स्टेशनात पोचलो तर कोकणकन्या एक्सप्रेस केव्हाच गेलेली. माझ्या कामाची गाडी पहाटेची. बाकांवर जर्सी घातलेली पोरं आडवी झाली होती, सावंतवाडीची, बांद्याची, दोघं वेंगुर्ल्याचे. सगळ्यांना जायचं एकाच दिशेला. गोव्याच्या कदंब महामंडळाच्या आणि एसटीच्या गाड्या रोज पत्रादेवीला राज्याची हद्द ओलांडतात, सामन्यांच्या तारखा कित्येक महिने आधी ठरलेल्या असतात. रात्री साडेदहाची एक फातोर्डा-कुडाळ गाडी सोडायला दोन महामंडळांची एक बैठक पुरली असती, आणि तिकीट विकताना प्रेक्षकाला एवढंच विचारायचं होतं, की तुमचं गाव कुठलं?