मापाची भाषा

उद्यमबागेतील फाउंड्रीसाठी पॅटर्न मूळ मापाहून किंचित मोठा करतात. कारण वितळलेले बीड निवताना शेकडा 1 च्या आसपास आकसते. यंदा 17 सेंटिमीटर लांबीरुंदीच्या मिनी-आयटीएक्स मदरबोर्डासाठी आम्ही थ्रीडी प्रिंटरवर आटोपशीर पेटी घडविली, तेव्हा हेच ज्ञान उपयोगी पडले. प्लास्टिकही निवताना आकसतेच. पीएलए 60 अंशांजवळ मऊ पडते, म्हणून पीईटीजी निवडले आणि उष्ण हवेला वर वाट ठेविली.

मी घरी कोंकणी बोलतो, शाळेत मराठी. उद्यमबागेत कन्नडही कानी पडते. माप मात्र सर्वांना एकच कळते. फाउंड्रीत राबणाऱ्या वडिलांच्या काळवंडलेल्या हातांचा संकोच बाळगणारा एक विद्यार्थी त्या दिवशी फळ्यापाशी उभा राहून, त्यांच्याच शब्दांत, वर्गाला ही घट समजावून देत होता.